ओठांवर अडलेला शब्द

रुग्णालयाच्या अपघात विभागात आम्हां धर्मगुरूंना बहुधा तैलाभ्यंगासाठी बोलावले जाते. त्यामुळे डॉक्टर व परिचारिका यांची धावपळ आम्ही पुष्कळदा जवळून, पण एका कोपऱ्यात उभे राहून पाहिली आहे. औषध असते, हात असतात, ज्ञानही असते. आणि तरी कधी कधी नेमका शब्द ओठांवरच अडतो. तो का अडतो, याचा विचार वाशीम जिल्ह्यातील कुटुंबांनी तरी करावयास हवा.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांच्या शिवारांतून रात्रंदिवस भरधाव वाहने धावू लागली. १ जुलै २०२३ रोजी याच मार्गावर, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ, बस पेटून २५ प्रवासी दगावले. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. उद्या अशा प्रसंगी धावून जाणारी मुले-मुली तेथे घडतील. ती कशी घडवावीत, हा प्रश्न म्हणूनच आपल्या दाराशी आलेला आहे.

अशा उपचारांचा सराव पुतळ्यावर केला जातो. नॉर्वेतील खेळणी तयार करणारे आस्मुंड लेर्डाल यांनी १९६० साली असा पुतळा बनविला आणि तो जगभर गेला. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावयाची, दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलावयाचा. पुतळ्याला इजा होत नाही. शिकणाऱ्याच्या मनाला मात्र होऊ शकते. अशाच एका वर्गाला आम्ही बसलो होतो. प्राणवायूची नळी सिलिंडरपासून निखळली होती. ते केवळ एका शिकाऊ परिचारिकेने पाहिले. पण थोड्याच वेळापूर्वी चारचौघांत तिची खरडपट्टी निघाली होती. ती गप्प राहिली. नंतर आम्ही विचारले, तेव्हा म्हणाली, "फादर, पुन्हा ओरडले असते तर?"

तिचे मौन हा कामचुकारपणा नव्हे. भीतीने नाडी वाढते, लक्ष एकाच गोष्टीवर खिळते, शेजारचा काय बोलला ते ऐकू येत नाही, काळाचे भान सुटते. अमेरिकेतील यर्क्स व डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग केले. काम सोपे असेल तर कडक धाकानेही उंदीर लवकर शिकत. काम अवघड असले की सौम्य धाकच उपयोगी पडे. इस्रायलमध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांतील २४ पथकांवर झालेला व २०१५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याहून बोलका आहे. सरावाच्या वेळी काही पथकांना पाहुण्या तज्ज्ञाने टोचून बोलावे, अशी योजना होती. त्या बोलण्याचा त्यांच्या कामाशी काडीचाही संबंध नव्हता. तेवढ्यानेही त्यांचे निदान व उपचार दोन्ही खालावले. कारण ती माणसे एकमेकांना माहिती सांगण्यास व मदत मागण्यास कचरू लागली होती.

म्हणून थोडा ताण हवाच. अगदी निवांत केलेला सराव खऱ्या प्रसंगी तोकडा पडतो. पण अपमान नको. सूचना नाव घेऊन द्यावी, ऐकणाऱ्याने ती मोठ्याने पुन्हा उच्चारावी, धाकट्यातल्या धाकट्यालाही "थांबा" म्हणण्याची मुभा असावी, आणि सराव संपल्यावर कोण चुकले यापेक्षा काय निसटले, याची चर्चा व्हावी.

आता आपला वाटा. खऱ्या अपघात विभागात टोचून बोलणारे पाहुणे अनेकदा आपण नातेवाईकच असतो. डॉक्टरांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली कायदा करावा लागला, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. आपले माणूस आत असताना जीव कासावीस होतो, हे आम्ही जाणतो. तरीही एकानेच पुढे व्हावे. त्रास केव्हा सुरू झाला, कोणती औषधे चालू आहेत, कशाचे वावडे आहे, एवढे सांगावे, आणि बाकीच्यांनी दाराबाहेर थांबावे. आपण तेथे आवाज चढविला, तर आतली एखादी मुलगी गप्प राहील; आणि तिला जे सांगावयाचे होते, ते कदाचित आपल्याच माणसाच्या श्वासाविषयी असेल.