अर्धा क्लच

भाषाशुद्धीचें व्रत घेतलेले माझे एक स्नेही आहेत. मोटारीच्या बहुतेक अवयवांना त्यांनीं मराठी नांवें देऊन टाकलीं आहेत; पण क्लचपाशीं त्यांची लेखणी अडली. प्रथम त्यांनीं त्याला ‘संयोजक’ म्हटलें. पुढें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, पाय दाबला म्हणजे हा गृहस्थ जोडण्याऐवजीं तोडतो. तेव्हां ‘वियोजक’ असें नवें बारसें झालें. मला दोन्ही नांवें सारखींच पसंत आहेत. पुरता जोडलेला क्लच झिजत नाहीं, आणि पुरता तुटलेला असतांनाहि त्याचें अस्तर झिजत नाहीं. तें झिजतें या दोहोंच्या मधल्या अवस्थेंत, आणि तिला मात्र आमच्या स्नेह्यांजवळ नांव नाहीं. रस्त्यावरचीं माणसें तिला ‘हाफ क्लच’ म्हणतात.

ज्या वाचकांचा मोटारीशीं संबंध मागच्या आसनापुरताच आहे त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नांवाचें एक जड चाक इंजिनाबरोबर फिरत असतें. त्याच्यासमोर, गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दांड्यावर, दोन्ही अंगांना घर्षणाचें अस्तर लावलेली एक तबकडी असते, हीच क्लचप्लेट. एक बळकट स्प्रिंग प्रेशर प्लेटच्या द्वारें या तबकडीला फ्लायव्हीलवर दाबून धरते, आणि दोन्ही एका वेगानें फिरूं लागलीं म्हणजे इंजिनाची शक्ति चाकांपर्यंत पोंचते. पेडल दाबलें कीं ही पकड सुटते. दोघांचे वेग जुळेपर्यंत तबकडी घसरत असते, घासत असते, तापत असते. हें घसरणें टळणार नाहीं. इंजिन उभें राहून चालूं शकत नाहीं आणि गाडी तर उभीच असते. तेव्हां कोणी तरी मध्यें घासून घेतलेंच पाहिजे. प्रश्न एवढाच कीं, किती वेळ.

मोटारीच्या पहिल्या काळांत पुष्कळ गाड्यांचा क्लच शंकूच्या आकाराचा असे व त्यावर चामडें चढविलेलें असे. चामडें कोरडें पडून गाडी हिसके देऊं लागली कीं त्याला एरंडेल पाजीत, आणि तें फार गुळगुळीत होऊन घसरूं लागलें कीं त्यावर मुलतानी माती टाकीत. आमच्या आजीच्या फडताळांतलींच हीं दोन औषधें! घर्षणाच्या अस्तरांचा धंदा तर जोड्यांवरूनच सुचलेला आहे. इंग्लंडांतील डर्बीशायरच्या डोंगरांत हर्बर्ट फ्रूड याला उतरणीवरचे गाडीवान जुने बूट ब्रेकच्या ठोकळ्यांना लावतांना दिसले, आणि त्यावरून चांगलें अस्तर बनविण्याच्या खटपटीला लागून त्यानें १८९७ सालीं आपला उद्योग सुरू केला. पुढें कित्येक वर्षें या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असे. त्याच्या धुळीनें फुप्फुसांचे भयंकर रोग होतात हें कळल्यावर अनेक देशांनीं तें बंद केलें.

या विषयाकडे माझें लक्ष वळण्याचें कारण घरगुती आहे. आमची कन्या वैद्यकीचा अभ्यास संपवून पांचगणीच्या पलीकडील एका खेड्यांतल्या दवाखान्यांत रुजू झाली. राहायचें वाईला आजीपाशीं, आणि पसरणीचा घाट चढून रोज वर जायचें. पांचशे मीटरांहून अधिक उंचीचा चढ, वळणावर वळण, आणि रात्रीं-अपरात्रीं येणारें बोलावणें! घाटाच्या मध्यावर क्लचप्लेट गेली तर आमच्या मुलीची रात्र गाडींत जाईल, एवढ्यावर भागणार नाहीं. वर कोणी बाळंतीण तिची वाट पाहत असेल.

तिच्यासाठीं एक जुनी गाडी घेतली. मिस्त्रींनीं गिअरबॉक्स उतरवून आंतली तबकडी माझ्या हातांत दिली. अस्तर रिव्हेटांपर्यंत झिजलेलें होतें, आणि फ्लायव्हीलवर उष्णतेनें निळसर डाग पडले होते. गाडी चाळीस हजार किलोमीटरसुद्धां चालली नव्हती. “हिच्याच कंपनीची गाडी, सर, लाखाच्या वर गेलेली मीं पाहिली आहे,” मिस्त्री म्हणाले, “प्लेट तीच असते, पाय निराळा असतो.” मुलीनें ती तबकडी उलटसुलट करून पाहिली. “बाबा, ही तर गुडघ्याची कूर्चा! गेली कीं पुन्हा यायची नाहीं.”

तिच्या हातीं चालकाचा परवाना होता. परंतु ज्या शिकवणीनें तो मिळवून दिला तेथें शिक्षकाच्या पायाशींहि क्लचचें आणि ब्रेकचें पेडल होतें, आणि प्रत्येक कठीण प्रसंगीं गाडी तोच सांभाळीत असे. “क्लचवर पाय राहूं द्या, म्हणजे गाडी बंद पडणार नाहीं,” हा त्याचा मूलमंत्र. मला हा उपदेश घातुक वाटतो. तीस वर्षें वर्गांत उभा राहून मी पाहत आलों आहें कीं, नापास होण्याच्या भीतीनेंच विद्यार्थ्यांच्या अंगीं वाईट संवयी जडतात. गाडी बंद पडणें हा काय मोठा अपराध? किल्ली फिरवली कीं ती पुन्हा सुरू होते. पण पेडलवर विसावलेला पाय स्प्रिंगची पकड सैल करतो, तबकडी कळत-नकळत घसरत राहते आणि पेडलचा दाब पोंचविणारें बेअरिंगहि विनाकारण झिजतें.

याचा हिशेब आमच्या कॉलेजांतील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनीं एकदां मधल्या सुटींत फळ्यावर मांडून दाखविला. सपाट रस्त्यावर उभी गाडी क्लच सोडून चालूं केली, आणि वेग जुळेपर्यंत इंजिन एकसारखें फिरत राहिलें, तर गाडीच्या अंगीं जेवढी गतिज ऊर्जा येते जवळजवळ तेवढीच क्लचमध्यें उष्णता होऊन जाते. म्हणजे प्रत्येक प्रस्थानाला निम्मी जकात! इंजिन दुप्पट वेगानें फिरवीत ठेवलें तर ही जकात चौपट होते; पहिल्याऐवजीं दुसऱ्या गिअरमध्यें गाडी उचलली तरीहि ती वाढते. आणि चढावर ब्रेक न लावतां नुसत्या अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरली, तर ती जागची हालतच नाहीं. तेव्हां क्लचकडे आलेली सारी शक्ति अस्तर भाजण्यांत जाते.

आमच्या इमारतीच्या तळघरांतून वर येणाऱ्या उतारावर तीन रविवार आमची शाळा भरली. हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर घालावा, पेडल सावकाश वर येऊं द्यावें. इंजिनाचा सूर किंचित् खालीं उतरला कीं पकड आली असें समजावें, आणि हँडब्रेक सोडून, गाडी चालूं लागतांच, पाय पेडलवरून अगदीं काढून घ्यावा. पहिल्या रविवारीं गाडी इतक्यांदा बंद पडली कीं वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या.

“बाबा, मागचे हॉर्न वाजवताहेत!”

“वाजवूं दे गं. त्यांची प्लेट त्यांच्यापाशीं.”

सिग्नलला उभें असतां गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा, हें मी तिला सांगितलें. पण पेडल पुरतें दाबून उभें राहिल्यानें अस्तर झिजतें असें जें सर्रास म्हणतात तें खरें नव्हे. तेथें भार पडतो तो बेअरिंगवर. खरी परीक्षा मे महिन्यांतल्या पसरणीच्या घाटाची. महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांची रांग लागते, आणि पुढें दोन हात जागा झाली कीं प्रत्येक जण दोन हात सरकतो. हें सरकणें सगळेंच्या सगळें अर्ध्या क्लचवर होतें. त्यापेक्षां हँडब्रेकवर थांबावें, गाडीभर जागा मोकळी होऊं द्यावी आणि मग एकदांच पुढें जावें. पोंचायचें तर सर्वांना एकाच वेळीं आहे!

“असले कष्ट हवेत कशाला? क्लचचें पेडल नसलेली गाडी घ्यावी,” असें शेजारचे म्हणतात. विजेवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांना क्लच लागत नाहीं हें खरें. पण आपल्याकडे २०१४ पासून स्वस्तांत मिळूं लागलेल्या आपोआप गिअर बदलणाऱ्या पुष्कळ गाड्यांत क्लच असतोच. फक्त तो पायाऐवजीं यंत्र दाबतें. चढावरच्या रांगेंत तोहि घासतो.

चढावर इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग मात्र वाढला नाहीं, किंवा जळकट वास आला, तर रात्रीच्या फेरीची वाट न पाहतां गाडी दाखवायची, असा आमच्यांत करार आहे. अद्याप तसा प्रसंग आलेला नाहीं. वर्षभरांत हँडब्रेकची तार मात्र दोन वेळां ओढून घ्यावी लागली. त्याबद्दल तिनें काळजीच्या स्वरांत फोन केला, तेव्हां मीं मिस्त्रींना विचारलें. ते म्हणाले, “तार ओढायला पंधरा मिनिटें लागतात, सर. तिला म्हणावें, खुशाल वापर.”