बोसूच्या टेकडीवर

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गिनी नावाचा देश आहे. त्याची राजधानी कोनाक्री समुद्राला लागून. परंतु आपल्याला जावयाचे आहे ते तेथून सुमारे हजार किलोमीटर दूर, देशाच्या अगदी आग्नेय कोपऱ्यात. येथे लायबेरिया आणि आयव्हरी कोस्ट या दोन्ही देशांच्या सीमा गिनीला येऊन मिळतात आणि त्या तिठ्यावर निंबा पर्वताची रांग उभी आहे. तिचे सर्वांत उंच शिखर १७५२ मीटरांचे. या पर्वताच्या पायथ्यापासून थोड्या अंतरावर, गवताळ माळ ओलांडला की बोसू हे खेडे लागते. खेड्याभोवती भातशेती, केळी, पपई, तेलताडाची झाडे आणि लहान लहान टेकड्या. वरवर पाहता कोकणातल्या एखाद्या गावाची आठवण व्हावी असाच हा प्रदेश आहे. मात्र येथल्या टेकड्यांवर रानटी चिंपँझींचा एक कळप राहतो, आणि त्या कळपामुळे हे आडगाव शास्त्रज्ञांच्या जगात प्रसिद्ध पावले आहे.

१९७६ साली युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक येथे आले. आपल्या दृष्टीने या नावाचे महत्त्व असे, की आफ्रिकेला जाण्यापूर्वी त्यांनी १९६१ नंतरची सुमारे दोन वर्षे धारवाडच्या परिसरात वानरांच्या टोळ्यांमागे घालविली होती. टोळीचा कब्जा घेणारा नवा हुप्प्या आधीची पिले मारून टाकतो, ही गोष्ट त्यांनीच तेथे तपशिलाने नोंदविली. धारवाडच्या रानवाटांवर कमावलेली चिकाटी घेऊन हा गृहस्थ बोसूला पोहोचला. पुढे तेत्सुरो मात्सुझावा आणि इतर अनेकांनी ते काम चालविले.

बोसूचे रहिवासी मानोन जमातीचे. टेकडीवरचे चिंपँझी म्हणजे आपल्या पूर्वजांचा पुनर्जन्म, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. म्हणून टेकडी पवित्र आणि चिंपँझी अवध्य. भोवतालची जंगले शेतीखाली गेली, हे एक बेट मात्र राहिले. चिंपँझी गावच्या पपया चोरतात, मोटारींचा रस्ता ओलांडतात, आणि ओलांडताना मोठे नर पुढे व मागे राहून माद्यांना व पिलांना मध्ये घेतात. गावकऱ्यांनी ताडीसाठी लावलेल्या भांड्यांत चघळलेल्या पानांचा बोळा बुडवून ताडी पितानाही त्यांना पाहिलेले आहे!

पण बोसूची खरी कीर्ती आहे ती दगडांची. तेलताडाच्या फळातली आठळी अत्यंत कठीण असते. आतला गर पौष्टिक. चिंपँझी एक सपाट दगड ऐरणीसारखा मांडतो, त्यावर आठळी ठेवतो आणि दुसरा दगड हातोड्यासारखा उचलून घाव घालतो. लहानपणी देशी बदाम दगडाने फोडून ज्यांनी बोट चेचून घेतले असेल, त्यांना या कामातली मेख सांगावयास नको. घाव हलका पडला तर आठळी उडून जाते; जोराचा पडला तर गराचा भुगा होतो. ऐरण कलती असली तर तिच्याखाली तिसरा दगड पाचरीसारखा सारून ती सारखी करणारेही चिंपँझी येथे दिसले आहेत. प्रत्येकाचा हात ठरलेला. उजवा तर उजवाच, डावा तर डावाच.

हे ज्ञान पिलू शिकते कसे? आई मुद्दाम शिकवीत नाही. ती हात धरून दगड फिरवीत नाही, चुकले तर रागावत नाही. ती एवढेच करते, की पिलाला जवळ बसू देते आणि स्वतः फोडलेला गर त्याने पळविला तरी मुकाट्याने सोसते. पिलू वर्षाचे झाले की दगड चाळवू लागते. मग कधी आठळी नुसतीच ऐरणीवर ठेवते, कधी तिच्यावर हात आपटते, कधी पाय. दगड, आठळी आणि घाव यांचा मेळ बसावयास वयाची तीन ते पाच वर्षे जातात. या सर्व काळात पदरी खाऊ पडत नाही, तरी ते पाहणे सोडीत नाही. सोनाराच्या दुकानात भात्याशी बसलेल्या पोराने कारागिराचे हात निरखावेत, तशीच ही उमेदवारी. आणि सुमारे सातव्या वर्षापर्यंत जे शिकले नाही, ते पुढे शिकत नाही. कळपातल्या काही प्रौढ माद्यांना जन्मभर आठळी फोडता आली नाही.

आता निंबा पर्वताकडे वळू. बोसूपासून अवघ्या सहा किलोमीटरांवर सेरिंगबारा येथे चिंपँझींचा दुसरा समाज आहे. जात तीच, दगड तेथेही मिळतात. तरी हे चिंपँझी आठळ्या फोडीत नाहीत. काथलीन कूप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या वाटेवर आठळ्या व दगड मांडून वर्षाहून अधिक काळ पाळत ठेवली. चिंपँझी आले, पाहून गेले. फोडली एकानेही नाही. हे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. सेरिंगबाराचे चिंपँझी मंद आहेत असे मात्र कोणी समजू नये. काठ्या बुडवून मुंग्या काढण्यात ते पटाईत आहेत.

याहून मौजेची हकीकत यो नावाच्या मादीची. कूला नावाचे एक कवचाचे फळ बोसूला होत नाही. निंबापलीकडच्या रानात होते. १९९३ साली संशोधकांनी ते बोसूच्या कळपापुढे ठेवले. प्रौढांपैकी बहुतेकांनी हुंगून सोडून दिले. यो मात्र सरळ बसली आणि फोडून खाऊ लागली! चिंपँझींमध्ये वयात आलेली मादी आपला कळप सोडून दुसरीकडे नांदावयास जाते. तेव्हा यो ही कूलाच्या मुलखातली माहेरवाशीण असावी आणि ही विद्या तिने माहेराहून आणली असावी, असा तर्क आहे. लहान पोरे तिच्याभोवती गोळा होऊन पाहू लागली आणि काही दिवसांत त्यांतली कित्येक फोडूही लागली. प्रौढांनी ढुंकून पाहिले नाही. आपल्याहून लहानाकडून शिकण्याची तर कोणाचीच तयारी नव्हती. मनुष्यस्वभावाशी हे साम्य जरा अडचणीचेच आहे.

१९९९ साली आफ्रिकेतील निरनिराळ्या अभ्यासस्थळांच्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हा एके ठिकाणी रूढ व दुसरीकडे अज्ञात अशा एकोणचाळीस चालीरीती निघाल्या. त्यांना ‘संस्कृती’ म्हणावे की नाही यावर पंडितांचे वाद झाले. प्रस्तुत लेखकास तो वाद शब्दांचा वाटतो. सहा किलोमीटरांवरच्या शेजाऱ्याला जे येत नाही आणि जे पाहूनच शिकता येते, त्याला परंपरा म्हणण्यास कोणाची हरकत असावी?

परंपरा म्हटली की ती खंडित होण्याचे भयही आले. १९७६ पासून सुमारे वीसच्या आसपास राहिलेल्या या कळपात २००३ च्या अखेरीस श्वसनाच्या रोगाची साथ आली आणि पाच जण दगावले. त्यांत जिमातो आणि वेवे ही दोन पिले होती. वेवेच्या आईने त्याचे शव एकोणीस दिवस पाठीवर वागविले. जिमातोची आई जीरे हिने अडुसष्ट दिवस. शव वाळून गेले, तरी ती त्याच्यावरच्या माशा हाकलीत असे.

त्यानंतर कळप सावरला नाही. तरुण माद्या रिवाजाप्रमाणे निघून गेल्या. मधला माळ ओलांडून बाहेरून नवी मादी आली नाही. २०२४ पर्यंत कळपाची संख्या सातावर आली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात एका चिंपँझीने शेतावरून तान्हे बाळ उचलून नेले आणि ते दगावले. संतापलेल्या जमावाने बोसूच्या संशोधन संस्थेची मोडतोड केली. पूर्वजांच्या श्रद्धेने जेथे इतकी वर्षे शेजार सांभाळला, तेथे हे घडावे, ही गोष्ट त्या मातेच्या दुःखाइतकीच चटका लावणारी आहे. आणि रान आक्रसले की कसले प्रसंग ओढवतात, हे आपल्या बिबट्याच्या मुलखातल्या वाचकांना सांगावयास नको.

बोसू आणि निंबा यांमधल्या माळावर १९९७ पासून झाडे लावण्याचे काम सुरू झाले. हिरवा पट्टा जोडला गेला, तर माद्यांची ये-जा पुन्हा सुरू होईल, हा त्यामागचा हेतू. माळाच्या गवतातून वणवे येतात, रोपे जळतात, पुन्हा लावली जातात. टेकडीवर तेलताडाखाली ऐरणीचे दगड पडलेले आहेत, आणि त्यांच्याजवळ बसून पाहावयास आता पिले उरलेली नाहीत.