कचेरीचे काम आणि कुटुंबाचा चीन

२०१९ च्या एप्रिलमध्ये मालकांनी आम्हाला चीनला चलण्यास सांगितले, तेव्हा घरात दोन मते पडली. आम्ही मुंबईत कड्या, बिजागऱ्या, कुलपे आयात करणाऱ्या एका पेढीत कारकून आहोत. ग्वांगझू (जुने नाव कॅन्टन) येथे १९५७ पासून वर्षातून दोनदा, वसंतात व शरदात, मोठा व्यापारी मेळा भरतो. लोखंडी सामानाचा टप्पा १५ ते १९ एप्रिल असा होता. भाव टिपणे, नमुने तपासणे, कंटेनरमध्ये किती पेट्या बसतील त्याचा हिशेब करणे, हे आमचे काम. कन्येची दहावीची परीक्षा नुकतीच आटोपली होती आणि सौ.ची भिशी त्याच महिन्यात लागली. "तुम्ही एकटे गेलात तर आमच्या वाट्याला नुसते फोटो येतील," असे ती म्हणाली. त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

अडचण निराळीच होती. १४ एप्रिलला आम्ही प्रवासात असणार होतो. वीस वर्षांत जयंतीची मिरवणूक कधी चुकली नव्हती. अखेर वर्गणीची पावतीपुस्तके व हिशेब १२ तारखेलाच मंडळातील तरुणांच्या हवाली केला. त्यांनी मिरवणूक आमच्याशिवाय व्यवस्थित काढली, हे ऐकून समाधान वाटले आणि थोडे खटकलेही! आम्ही त्या रात्री ग्वांगझूच्या हॉटेलात टेबलावर बाबासाहेबांचा फोटो ठेवून तिघांनी वंदना घेतली. मेणबत्ती तेवढी लावली नाही, कारण छताला धूर ओळखणारे यंत्र होते.

कामाबरोबर कुटुंब न्यायचे तर पैशाचा व्यवहार आरशासारखा हवा. मालकांना आधीच विचारले. आमचे तिकीट व पाच रात्रींची खोली पेढीची. दोघींची तिकिटे, जादा पलंग आणि १९ नंतरचा सगळा खर्च आमचा. त्यासाठी वह्याही दोन ठेवल्या. पुढच्या चार दिवसांची रजा लेखी मंजूर करून घेतली. साहेबाच्या पैशावर सहल, असे चाळीत कोणी म्हटलेच, तर दाखवायला वही होती. व्हिसाही वेगवेगळे काढले, आमचा व्यापाराचा 'एम' आणि दोघींचा पर्यटनाचा 'एल'.

विमानाने हाँगकाँगला उतरून पुढे वेगवान रेल्वेने गेलो. हाँगकाँगच्या स्टेशनातच चीनचे अधिकारी पासपोर्टवर शिक्का मारतात, मग तासाभरात ग्वांगझू येते. (भारतातून थेट विमाने २०२० मध्ये बंद पडली होती. ऑक्टोबर २०२५ पासून कोलकाता–ग्वांगझू विमान पुन्हा सुरू झाले.)

मेळ्याचे पाच दिवस आम्ही सकाळी निघून अंधार पडता परत येत असू. तिथले घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, त्यामुळे मुंबईची कचेरी उघडेपर्यंत आमचे जेवण झालेले असे. त्या काळात दोघी मायलेकी काय करणार, ही काळजी होती. चिनी अक्षर वाचता येत नाही, आपले व्हॉट्सॲप तिथल्या वाय-फायवर चालत नाही, आणि भाजीवालाही मोबाइलवर पैसे घेतो. (परदेशी कार्ड तिथल्या मोबाइल-पाकिटाला जोडण्याची सोय २०२३ पासून बरीच सुलभ झाली आहे. आमच्या वेळी रोख युआनच कामी आले.) पण हॉटेलचा पत्ता चिनीत छापलेले कार्ड पर्समध्ये ठेवून, मेट्रोचे रंग ओळखत दोघींनी शहर पालथे घातले. एका बागेत सकाळी बायका रांगेने नाचत होत्या. त्यांनी सौ.ला हात धरून ओढले. आयुष्यात लेझीमशिवाय काही न खेळलेली आमची सौ. अर्धा तास त्यांच्यात होती. कुठल्या गावच्या, आडनाव काय, असे कोणी विचारले नाही. विचारले असते तरी कळले नसते म्हणा!

२० तारखेला शिआनची गाडी धरली. हा प्रवास जवळजवळ दिवसभराचा. प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, त्यावर आमचा चहा झाला. शिआन म्हणजे जुने चांगआन. ज्याला आपण शाळेत ह्युएन त्संग किंवा युआन श्वांग म्हणून शिकलो, तो भिक्खू नालंदेत अध्ययन करून, ६५७ ग्रंथ घेऊन इ.स. ६४५ मध्ये इथेच परतला. ते ग्रंथ ठेवण्यासाठी ६५२ मध्ये मनोरा उभारला, तोच रानहंसांचा मोठा पॅगोडा. आज त्याचे सात मजले आहेत, उंची सुमारे ६४ मीटर. वर जायला वेगळे तिकीट लागते. लाकडी जिन्याने सौ.चे गुडघे दुखले, पण ती थांबली नाही.

वरच्या खिडकीपाशी आम्ही कन्येला सांगितले की हा माणूस आपल्या महाराष्ट्रातही आला होता. पुलकेशीच्या राज्यातले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. डोंगरातल्या ज्या लेण्यांचे वर्णन त्याने केले, ती अजिंठ्याची असे विद्वान मानतात. कन्या म्हणाली, "अजिंठा आपण अजून पाहिलाच नाही, पप्पा." सौ.ने आमच्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी मातीचे सैनिक पाहिले. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडले. गर्दी फार होती. परतीच्या गाडीत सौ. वहीच्या मागच्या पानावर भिशीचे उरलेले हप्ते मांडत बसली आणि त्याखाली तिने औरंगाबादच्या तीन तिकिटांची ओळ लिहिली.