कान्हेरीला येणाऱ्याची सोय

मुंबईत जन्म काढून कान्हेरी पाहिली नाही, अशी घरे आपल्या वस्त्यांतून पुष्कळ सापडतील. खरे तर बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरले की राष्ट्रीय उद्यानाचे दार पायी गाठता येते. शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचे हे जंगल मुंबई आणि ठाणे यांच्यामध्ये पसरले आहे. विहार आणि तुळशी हे मुंबईला पाणी देणारे दोन तलाव याच जंगलात आहेत. इथे बिबटे राहतात, वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत आणि याच जंगलाच्या पोटात शंभरावर बौद्ध लेणी आहेत.

अडचण आहे ती दारापासून पुढे. लेणी दारापासून साधारण सहा किलोमीटर आत आहेत. कडेवर मूल, सोबत म्हातारी माणसे आणि हातात डब्याची पिशवी असली की बहुतेक कुटुंबे दाराजवळच्या बागेतच चादर अंथरतात आणि संध्याकाळी परत फिरतात. जे वर पोचतात ते मोठ्या मूर्तींपुढे हात जोडतात, फोटो काढतात आणि उतरतात. आम्ही किती वेळा असेच उतरलो आहोत! हे कोणी कोरले, कोणाच्या पैशाने कोरले, या एवढ्या खोल्यांत कोण राहत होते, हे मुलांनी विचारले की मोठ्यांना उत्तर देता येत नाही.

म्हणून अशा ठिकाणी माहिती केंद्र लागते. जंगल वनखात्याचे, लेणी पुरातत्त्व खात्याची. तिकिटेही दोन, एक उद्यानाच्या दारात आणि एक लेण्यांपाशी. १६ मे २०२२ रोजी, बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी, तेव्हाचे केंद्रीय सांस्कृतिक मंत्री जी. किशन रेड्डी यांनी कान्हेरीतील नव्या सोयींचे उद्घाटन केले. पाहुण्यांसाठीचा मंडप, तिकीटघर आणि रखवालदाराचे घर यांची सुधारणा झाली. राष्ट्रीय संस्कृती निधीमार्फत इंडियन ऑइल फाउंडेशनने हे काम केले. लेणी जंगलाच्या गाभ्यात असल्यामुळे तिथे वीज नव्हती आणि पाणीही नव्हते. त्यासाठी सौर ऊर्जा, जनरेटर आणि बोअरवेल यांची व्यवस्था करावी लागली.

इथे आम्हाला थांबून विचार करावासा वाटतो. ज्या डोंगरावर आज पाण्यासाठी बोअर मारावी लागते, त्याच डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंचा मोठा संघ वर्षावासाला राहत होता. बहुतेक लेण्यांपाशी खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे. पावसाचे पाणी त्यात यावे म्हणून कातळात पन्हळी कोरल्या आहेत. शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. डोक्यावर हंडे वाहिलेल्या आपल्या आयाबहिणींना पोढीचे मोल कोणी समजावून सांगायला नको.

आणि या पोढ्या दिल्या कोणी? राजांची नावे कान्हेरीत आहेतच, पण कष्टकरी आणि व्यापारी माणसांच्या नोंदी त्याहून पुष्कळ आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिली. सोपारा, चौल, नाशिक इथल्या माणसांनी दान दिले. दान देणाऱ्यांत गृहिणी आहेत, भिक्खुणी आहेत. कोणी बसण्यासाठी ओटे दिले. पुढे राष्ट्रकूटांच्या काळात, नवव्या शतकात, एका दात्याने विहाराची डागडुजी, चीवर आणि पुस्तके यांच्यासाठीही पैसे बाजूला ठेवले.

वाट, पाणी, बसायला जागा, डागडुजी आणि पुस्तके. माहिती केंद्र कसे असावे याचा आराखडा आणखी कोणता हवा? आमच्या मते यातल्या पहिल्या चार गोष्टी सिमेंट आणि पैसा यांनी होतात. पाचवी गोष्ट मात्र मनावर घेतल्याशिवाय होत नाही. डॉ. शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या शिलालेखांवर अभ्यासपूर्ण इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो १९९१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. तो ज्यांच्या हाती पडत नाही त्यांच्यासाठी केंद्राच्या भिंतीवर साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत एवढे लिहिलेले असावे की ही वाट एका लोहाराची आहे, हे पाणी एका सोनाराचे आहे. कारखान्यात घण मारणाऱ्या बापाचा मुलगा ते वाचील तेव्हा त्याला ही लेणी परकी वाटणार नाहीत.

जंगलाची हकिगतही पुरी सांगितली पाहिजे. बिबट्या आणि फुलपाखरे यांची चित्रे लावावीत, पण पाड्यांवरच्या माणसांना वगळून नको. १९९७ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर या जंगलाच्या हद्दीतील हजारो झोपड्या हटवल्या गेल्या, हाही या जमिनीचा इतिहास आहे. झाडे वाचली पाहिजेत आणि माणसेही. वाट दाखवण्याचे आणि माहिती सांगण्याचे काम पाड्यांवरच्या तरुण मुलामुलींना मिळाले, तर जंगल राखण्यात त्यांच्या चुलीचाही वाटा राहील.

बंधूभगिनींनो, सोय होण्याची वाट पाहत घरी बसू नका. सोमवारी उद्यान बंद असते, तेव्हा दुसरा कोणताही दिवस धरा. सकाळी लवकर निघा, पाणी सोबत घ्या, पावसाळ्यात निसरड्या कातळावर मुलांचा हात सोडू नका. आधी क्रमांक ३ चे चैत्यगृह पाहा. त्याच्या ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे ७ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. मग क्रमांक ११ ची सभा भरवण्याची मोठी शाळा पाहा. क्रमांक ९० मध्ये इ. स. १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. म्हणजे परक्या धर्माचा पाहुणाही इथे हजार वर्षांपूर्वी येत होता. शेवटी क्रमांक ८७ कडे जा. तिथे थोर भिक्खूंच्या स्मरणार्थ उभारलेल्या विटांच्या स्तूपांचे अवशेष आहेत. तिथे आवाज न करता थोडा वेळ बसा.

परतताना मुलांना एवढेच विचारा, की पोढी म्हणजे काय आणि ती कोणी दिली. ज्या घरातले मूल याचे उत्तर देईल, त्या घराचे कान्हेरीला जाणे कारणी लागले.