दयेची वेळ

अमेरिकेतील यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाते. १८७२ साली त्याची स्थापना झाली. वाफाळणारे झरे, उंच डोंगर आणि दूरवर पसरलेली गवताळ खोरी यांनी नटलेल्या त्या प्रदेशात ग्रिझली अस्वल आणि एल्क पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आले आहेत. एल्क हे आपल्या सांबराच्या कुळातले, पण त्याहून मोठे हरिण. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ३०० किलोच्या घरात जाते. त्याच्या माथ्यावरील शिंगांचा पसारा पाहिला म्हणजे वाटते, याच्या वाटेला जाण्याचे धाडस कोण करील?

१८ सप्टेंबर २०२० रोजी तेथील हेडन खोऱ्यात हे धाडस एका ग्रिझलीने केले. त्या प्रसंगाची चित्रफीत मी अलीकडेच नातवाला मांडीवर घेऊन पाहिली. सप्टेंबर हा एल्कच्या मीलनाचा काळ. या दिवसांत नर खाणेपिणे विसरून एकमेकांना आव्हान देतात, झुंजतात आणि थकून जातात. अशाच एका नराला अस्वलाने यलोस्टोन नदीच्या पात्रात गाठले. एवढी शिंगे, एवढे बळ. पण वाहत्या पाण्यात त्याचा काही इलाज चालेना. अस्वलाने त्याला पाण्यातच मारले, काठावर ओढून आणले आणि पंजांनी माती उकरून तो देह झाकला. पुढे कित्येक दिवस ते त्या ढिगाऱ्यावर राखण करीत पडून होते आणि दूरवर पाहणाऱ्यांची रीघ लागली होती.

चित्रफीत संपल्यावर नातवाने विचारले, “आजोबा, एवढी माणसं बघत उभी होती ना? मग त्याला कोणीच का नाही वाचवलं?”

प्रश्न बालसुलभ खरा, पण हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. दुसऱ्याचे हाल पाहत स्वस्थ उभे राहू नये, हे आपणच मुलांना शिकवतो. तेथील नियम मात्र सांगतो की, अस्वलापासून निदान १०० यार्ड दूर राहावे आणि वन्य प्राण्यांच्या जगण्यामरण्यात हात घालू नये. ऐकायला हे निष्ठुर वाटते. परंतु मे २०१६ मध्ये याच उद्यानात काही पर्यटकांनी बायसनचे एक वासरू थंडीने गारठले आहे, असे समजून मोटारीत घातले. नंतर त्याला कळपाशी नेऊन सोडण्याचे प्रयत्न झाले. कळपाने ते स्वीकारले नाही आणि शेवटी त्याला मारून टाकावे लागले. ही हकीकत ऐकून नातू गप्प झाला. मी मात्र अस्वल आणि एल्क यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो.

वाचता वाचता ध्यानात आले की, असा मोठा नर अस्वलाच्या हाती क्वचितच लागतो. त्याचा खरा घाला पडतो तो पाडसांवर. मेअखेरीस आणि जूनमध्ये एल्कची पाडसे जन्मतात. पहिले काही दिवस ती झुडपांआड निपचित पडून राहतात. अंगावरचे ठिपके त्यांना लपवतात आणि त्यांच्या अंगाला वासही फारसा नसतो. अस्वल नाक खाली घालून माळ पिंजून काढते. काही आठवड्यांत पाडसांच्या पायांत वेग येतो आणि मग अस्वल त्यांचा नाद सोडून देते.

पूर्वी याच ऋतूत अस्वलाला दुसरा घास मिळत असे. यलोस्टोन सरोवरातील कटथ्रोट ट्राउट मासे अंडी घालण्यासाठी उथळ ओढ्यांत चढत. १९७८ साली क्लिअर क्रीक या एकाच ओढ्यात असे ७० हजार मासे मोजले गेले. २००७ पर्यंत ती संख्या हजाराच्याही खाली आली. यामागे दुष्काळ होता, रोग होता. पण मुख्य कारण होते लेक ट्राउट हा परका मासा. कोणीतरी तो बेकायदा त्या सरोवरात सोडला होता. १९९४ साली तो उघडकीस आला. तो कटथ्रोटला खातो आणि स्वतः खोल पाण्यात राहतो, त्यामुळे अस्वलाच्या पंजाला लागत नाही. ओढे रिते झाले, तसा अस्वलांच्या आहारात पाडसांचा वाटा वाढला, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवून दिले आहे.

वाचकहो, अस्वलाला क्रूर म्हणणे सोपे आहे. ते आपली भूक भागवते, इतकेच. पाण्यात मासा सोडणाऱ्या त्या अज्ञात माणसाच्या मनातही पाडसांचे वाईट करावे असे नसेल. गळाला चांगला मासा लागावा, एवढीच त्याची हौस असेल. परंतु त्या हौसेची किंमत दूर माळावर, झुडपाआड श्वास रोखून पडलेल्या पाडसाने मोजली. मृत्यूच्या क्षणी काठावर उभ्या असलेल्या माणसाला करण्यासारखे काही उरलेले नसते. त्याच्या दयेची वेळ फार आधी येऊन गेलेली असते.

लेक ट्राउट उघडकीस आल्यापासून सरोवरात जाळी टाकून तो काढण्याचे काम चालू आहे. आजवर असे ४० लाखांहून अधिक मासे काढले गेले असून कटथ्रोटची संख्या हळूहळू सावरू लागली आहे. ते कंटाळवाणे काम पाहायला कोणाची रीघ लागत नाही. पण पाडसांवरची खरी दया मला त्या ओल्या जाळ्यांतच दिसते.