गार्गी पुन्हा उभी राहते

'मानला तर देव, नाही तर धोंडा' ही म्हण हल्ली डोक्यातून जात नाही. आमच्या आजीच्या तोंडी तिचा अर्थ 'हात जोड आणि गप्प बस' असा होता, तर काका तीच म्हण 'धोंडाच आहे तो' अशा सुरात म्हणत. वाद दोघांपुरता मिटे. पण सातवीच्या वर्गात ती फळ्यावर लिहिली तर? मी मानायचं सोडलं की देव नाहीसा होतो का, असं एखादं मूल विचारेल. न मानणाऱ्या माणसासमोर तो कोण असतो? आणि उद्यापासून मानू असं ठरवून मानता येतं का? तत्त्वज्ञानाचा अख्खा तास या एका म्हणीत आहे, आणि शाळेत ती 'वाक्यात उपयोग करा'पाशी संपते.

शाळेत देवाचा विषय म्हटला की आधी कायदा आठवतो. संपूर्ण सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळेत घटनेच्या कलम २८नुसार धर्मशिक्षण देता येत नाही, आणि ते मला योग्यच वाटतं. पण कोठारी आयोगानं (१९६४-६६) एखाद्या धर्माचं शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण वेगळं मानलं होतं. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानंही धर्मांच्या अभ्यासाला हरकत घेतली नाही. तरी परिपाठात प्रार्थना, सुविचार आणि बोधकथाच. बोधकथेचं तात्पर्य आधीच ठरलेलं असतं, मग मुलानं विचारायचं काय? अनुदानित शाळेत धर्मशिक्षण असेल, तर अल्पवयीन मुलासाठी पालकाची संमती लागते. मुलाला कुणी विचारत नाही.

इथे मला बृहदारण्यक उपनिषदातली गार्गी आठवते. जनक राजाच्या सभेत ती याज्ञवल्क्य ऋषीला विचारत जाते: हे सगळं पाण्यात विणलेलं, मग पाणी कशात? वारा कशात? असं करत ती ब्रह्मलोकापर्यंत पोचते, तेव्हा याज्ञवल्क्य म्हणतो, पुढे विचारू नकोस, डोकं गळून पडेल. गार्गी गप्प होते. गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात. पण त्याच अध्यायात ती पुन्हा उभी राहते, सभेची अनुमती घेऊन आणखी दोन प्रश्न विचारते, आणि या वेळी याज्ञवल्क्य तिला अक्षर, म्हणजे अविनाशी तत्त्वाबद्दल विस्तारानं सांगतो. मधल्या वेळात सभेतला दुसरा प्रश्नकर्ता, उद्दालक, बोलतो. गार्गीच्या मनात काय चाललं होतं, ते ग्रंथ सांगत नाही. आणि ती धमकी पोकळही नव्हती. पुढे त्याच सभेत प्रश्न विचारणाऱ्या शाकल्याचं डोकं खरोखरच पडतं.

मुलांपुढे सगळे प्रश्न मोकळे ठेवावेत, असं मी आजवर ठामपणे म्हणत आलो. पण प्रश्न वर्गात राहत नाही, तो मुलाबरोबर घरी जातो. घरात आजी वारीला निघालेली असते, कुणाकडे रोजे चालू असतात, आणि तिथे शिक्षक नसतो. मग त्यानं मुलाला कुठे थांबवायचं? थांबवलं, तर ते पुन्हा उभं राहील हे कशावरून? याज्ञवल्क्यानं गार्गीला अडवलं ते तिची तयारी ओळखून, की त्याच्याजवळच तेव्हा उत्तर नव्हतं? पूर्वी मला यातलं दुसरंच खरं वाटायचं. आता तसं सांगता येत नाही.