जीपचे ब्रेक

काटोलकडच्या आमच्या गावातून संत्री कळमन्याला न्यायला माझ्याकडे बरीच वर्षं महिंद्राची जुनी जीप होती. गाडी दणकट, चिखलातूनही निघायची. पण चारही चाकांना ड्रम ब्रेक. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरायचं. लायनर ओले झाले की कितीही दाबा, गाडी धरायची नाही. मग थोडा वेळ ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायची, म्हणजे लायनर वाळत.

२००५ च्या श्रावणात घाईत ते राहून गेलं. गावच्या उतारावर शेजाऱ्याचं पोरगं सायकल घेऊन समोर आलं. ब्रेक दाबला, गाडी थांबेना. दुसरा गिअर टाकला आणि जीप कुंपणात घातली. पोरगं दोन हातांवर होतं. बायको शेजारी बसली होती. घरी येईपर्यंत ती बोलली नाही. मग म्हणाली, "आता हिले विका, नाही तं थांबाले शिकवा."

जीप विकायला मन होईना. नागपूरचा मिस्त्री म्हणाला, बोलेरोचे डिस्क ब्रेक लावू. बोलेरो २००० साली आली. तिला पुढे डिस्क, मागे ड्रम. डिस्क उघडी असते, फिरता फिरता पाणी झटकून टाकते. मी म्हटलं, "मंग पुढच्या दोन चाकाले तेवढं लावून द्या."

"तसं होत नाही जी, काकाजी," तो म्हणाला. डिस्कच्या कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ऑइल जास्त लागते, म्हणून मास्टर सिलिंडर बदलायचा. ड्रममधला लायनर फिरत्या चाकासोबत आपोआप आवळला जातो, डिस्कचं तसं नाही. तिला जोर जास्त लागतो, म्हणून बूस्टर. पेट्रोल इंजिन बूस्टरसाठी हवा ओढते, डिझेल ओढत नाही; म्हणून अल्टरनेटरवर बसणारा व्हॅक्यूम पंप. शिवाय पुढचे-मागचे ब्रेक जुळले पाहिजेत. मागचं चाक आधी जाम झालं तर गाडी गरकन फिरते.

मी पैशासाठी घासाघीस केली. त्याने हब आणि कॅलिपर जुने चालवून घेतले. पॅड, सील, होज मात्र नवेच घातले. त्या सालच्या आंबिया बहाराचे बरेच पैसे त्यात गेले.

गाडी देताना त्याने एकच विचारलं, "उतारावर गाडी बंद करून सोडता का?"

सोडत होतो. डिझेल वाचवायला आमच्याकडे सगळेच सोडत.

त्याने इंजिन बंद केलं आणि मला ब्रेक दाबायला लावला. दोन-तीनदा पाय खाली गेला, मग पेडल दगडासारखं कडक झालं. "इंजिन बंद, पंप बंद," तो म्हणाला. "आता पायाचाच जोर."

मला घाम फुटला. इतका खर्च करून मी त्याच उतारावर तसाच सापडलो असतो. गाडीसोबत मलाही बदलावं लागणार होतं, हे मला कोणी सांगितलं नसतं तर कळलं नसतं.

तेव्हापासून उतारावर इंजिन चालू ठेवतो. थोडं डिझेल जळते. जळू दे.